तीन चिठ्ठ्यांच्या गोळ्या

हृदय, गुडघे आणि झोप यांसाठी माझे तीन डॉक्टर आहेत. एकालाही मी दुसऱ्याविषयी सांगितलेले नाही. दुखण्यांचा पाढा वाचणे मला मान्य नाही.

"आजी, या तिन्ही चिठ्ठ्यांच्या गोळ्या एका टायमाला घ्यायच्या न्हाईत. आधी डॉक्टरला इचारा," पौडच्या औषधवाल्या किशोरने बजावले.

"तू पिशवी भर," मी म्हणाले.

त्याच आठवड्यापासून, कोळवणच्या या घरात मी एकटी असताना, स्वयंपाकघरात कोणीतरी पाणी पिऊन पेला उपडा ठेवू लागले.

आज मी दाराला कडी घातली आणि गोळ्यांची भरलेली डबी मांडीवर घेऊन बैठकीत बसले. दुपारी चारला, रोजच्याप्रमाणे, हिंजवडीहून मुलाचा फोन आला.

"आई, गोळ्या घेतल्यास ना?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून माझ्याच आवाजात उत्तर गेले, "घेतल्या रे, बाळा."

मी सौरभला बाळा म्हटल्याला कित्येक वर्षे लोटली आहेत.

"वा! किती छान बोललीस आज," तो हसला.

"सौरभ, ती मी नव्हे."

तोवर त्याने फोन ठेवला होता.

मी डबी उघडली. ती रिकामी होती. माझ्या जिभेवर कडवट चव होती, आणि आत पुन्हा पेल्यात पाणी ओतले जात होते.