लेकीच्या मापाचं धनुष्य

"हेही नको. हे ओढताना खांदा निखळेल," असं म्हणत शिंप्याच्या बायकोने चौथं धनुष्य काउंटरवर परत ठेवलं.

दुकानदार हसला. "काकू, कुणाचा? तुमचा की लेकीचा?"

"दोघींचा एकच समजा. तिनेच सांगितलंय तसं."

खरंच सांगितलं होतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. परवा फोनवर म्हणाली, "आई, तिरंदाजी शिकायचं डोक्यात आलंय. स्वस्तातलं पण चांगलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य हवंय. बाबांना घेऊन जा आणि तूच ओढून बघ. तुला पेललं की मला पेललं." लहानपणी बापाची कात्री हाताला जमेना म्हणून तिने उलटी कात्री मागितली होती, आणि बापाने बाजार पालथा घालून ती आणली होती. त्यानंतर पोरीने कधी काही मागितलंच नाही. म्हणून या मागण्यात चूक व्हायला नको, असं आईला सारखं वाटत होतं. काल रात्री तिला धड झोपही लागली नव्हती.

शिंपी गळ्यातली टेप काढून पुढे झाला. बायकोला दोन्ही हात पसरून उभं केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत माप घेतलं.

"अहो, तिची बाही माझ्यापेक्षा दोन बोटं लांब असते."

"दोन बोटांनी काय होतंय?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. अर्ध्या बोटासाठी अख्खा शर्ट उसवणारा हा माणूस! पण परक्यासमोर नवऱ्याशी वाद नको, म्हणून तिने दुसऱ्या धनुष्याकडे बोट केलं.

"आणि ते काळं चकचकीत कसंय?" तिने विचारलं. "त्यावर सूट लिहिलीय."

"त्याच्या नादी लागू नका," दुकानदार म्हणाला. "ते ओढायला जड आहे. नवा माणूस जोशात जड धनुष्य घेतो, महिन्याभरात खांदा धरतो, की धनुष्य माळ्यावर. हे लाकडी मुठीचं घ्या. याची वरखालची पाती सुटी होतात. हात तयार झाला की नुसती जड पाती घ्यायची, मूठ तीच."

हे तिला लगेच पटलं. वाढत्या अंगाच्या कपड्यात शिवणीला जादा कापडाची माया सोडतात, तसंच झालं हे.

"मागच्या अंगणात चला. बाण मारून बघा."

"मी? भलतंच काहीतरी!"

"अगं, लेकीचं काम आहे," शिंपी म्हणाला. मग ती पदर खोचून उठली.

डाव्या हातात मूठ धरून तिने उजव्या हाताने दोरी हनुवटीपर्यंत आणली. कोपर आपोआप वर गेलं.

"आधी कधी धरलं होतं वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"शाळेत, थोडे दिवस."

संघात नाव लागलं आणि त्याच महिन्यात तिच्या आईने अंथरूण धरलं. मग धाकट्या भावंडांचं सगळं तिच्यावर आलं. नवऱ्याला तिने हे एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतर लगेच. तो मशीनवर होता. "हं," एवढंच म्हणाला होता.

पहिला बाण भिंतीला लागला. दुसरा पिवळ्या वर्तुळाच्या कडेला रुतला आणि ती लहान मुलीसारखी मोठ्याने हसली. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. लेकीच्या वस्तूवर आपणच हौस भागवून घेतोय!

शिंपी चष्मा पुसत होता. "हेच बांधून द्या," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी तिने धनुष्य पुसायला घेतलं. पुसता पुसता तिचा हात थांबला. बाण टेकवायची जागा मुठीच्या एकाच बाजूला होती. लेक धरेल तशी तिने मूठ उजव्या हातात घेऊन पाहिली. बाणाची जागा भलत्याच बाजूला आली! समोर खिळ्याला लेकीची ती उलटी कात्री लटकत होती.

"अहो, घोळ झाला! हे उजव्या हाताच्या माणसाचं धनुष्य आहे!"

शिंपी सुईत दोरा ओवत होता. बराच वेळ ओवत राहिला. "तिलाच विचार," तो खाली बघूनच म्हणाला.

तिने घाईघाईने फोन लावला. "अगं, धनुष्यातही उजवं-डावं असतं, मला मेलीला काय माहीत! आणि तुझे बाबा, जन्म गेला मापं घेण्यात, त्यांच्याही लक्षात येऊ नये? तू मनाला लावून घेऊ नकोस हं. उद्या बदलून आणते."

लेक हसायला लागली. हसता हसता तिने नाक ओढलं.

"नको बदलूस, आई."

"अगं, पण तू डावखुरी आहेस ना!"

"मी आहे गं. तू कुठे आहेस?"