चंद्रावरचं रेशन कार्ड

शेवटचं पान संपलं तरी शकूने वही खाली ठेवली नाही. पानं उलटत ती परत सहाव्या पानावर गेली. तिथेच तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"कशी वाटली?" सुलक्षणाने स्टोव्हपाशी बसल्या बसल्या विचारलं. "उद्या पोस्टात टाकायचीय. दिवाळी अंकवाल्यांचं तिसरं पत्र आलं."

"चंद्रावर रेशन कार्ड?"

"असणारच ना. हवा मोजून, पाणी मोजून. कार्डाशिवाय कसं चालेल?"

हे सुलक्षणाचं नेहमीचं. आठवडाभर टेलिफोन एक्स्चेंजात कानाला हेडफोन लावून बसायचं आणि रविवारी पार्ल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीतून माणसं अंतराळात पाठवायची. या खेपेला तिने दोन बायका पाठवल्या होत्या. काचेच्या घुमटाखाली एक खोली, एक अंथरूण, एकमेकींवर जीव. कुणी काही विचारत नाही. पहिली हवेचं यंत्र सांभाळते आणि हुबेहूब सुलक्षणासारखी नखं खाते. दुसरी, तरला, काम करताना गुणगुणते. तिने अंबाडा सोडला की कमरेपर्यंतचे केस खाली यायला वेळ लागतो, कारण चंद्रावर सगळंच हळू पडतं. ते पडताना पहिली हातातलं काम टाकून बघत बसते. अख्खं एक पान बघत बसते.

शकूचे केस टायफॉइडनंतर मानेखाली कधी उतरले नाहीत. आणि गाण्याचं म्हणाल, तर साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये कॉइल गुंडाळताना तिच्या तोंडून शिव्याच जास्त निघत.

"ही मढची कमळ," ती म्हणाली.

सुलक्षणाने चहात साखर टाकली. "गोष्टीतली बाई आहे गं."

"मला येडी समजू नकोस. कॉलेजच्या ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत उभी आहे ती, वेणी पुढे घेऊन. तो फोटो तू पेटीत साड्यांच्या तळाशी ठेवतेस, आणि तुला वाटतं मला माहीत नाही."

"तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली शकू. तीन पोरं आहेत."

"म्हणून चंद्रावर नेलीस."

"हो, म्हणून नेली. दुसरं कुठे ठेवणार तिला? तू इथे आहेस. समोर बसलेल्या माणसाला कशाला चंद्रावर पाठवायचं?"

बोलणं तसं गोड होतं. एरवी शकू विरघळली असती. पण आज पोटात दुखत होतं ते दुखतच राहिलं. कागदावरची का असेना, सवत ती सवत.

"आणि कार्डावर दोघींची नावं," ती म्हणाली. "तिला बरी घेतलीस कार्डावर. मी इथे सहा वर्षं तुझ्या एकटीच्या साखरेत चहा पितेय. माझं नाव अजून दादाच्या कार्डावर, माझ्या वाट्याची साखर मुलुंडला वहिनी खाते. माझं नाव घालायचं कधी सुचलं नाही तुला?"

सुलक्षणाने स्टोव्ह बंद केला, चहा गाळला. मग उठून कॅलेंडरमागे खोचलेलं खरं रेशन कार्ड काढलं. कार्डात घडी घातलेला एक कागद होता. तो तिने शकूच्या मांडीवर ठेवला.

नाव वाढवण्याचा फॉर्म होता. सुलक्षणाच्या गोल अक्षरात आधी शकूचं आडनाव, मग शकुंतला, मग वडिलांचं नाव. वय तेहेतीस. जुन्या कार्डाचा पत्ता मुलुंडचा. सगळं भरलेलं. कुटुंबप्रमुखाशी नातं, एवढा एकच रकाना रिकामा. खाली तारीख जून १९८५ची, म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं.

"तिथे अडले," सुलक्षणा म्हणाली. "दोन महिने पेन घेऊन बसत होते. काय लिहू तेच समजेना. मग गोष्ट लिहायला घेतली."

शकूने वही पुन्हा उघडली. चंद्रावरच्या कार्डावर नाव, वय आणि हवेचा वाटा, एवढंच होतं. नात्याचा रकानाच नव्हता. मघाशी हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. केसांतच अडकली होती ती.

"सुलक्षणा, बहिणीला सांग, पाणी आलंय." शेजारच्या द्रौपदीकाकू बादली घेऊन दारावरून गेल्या. चाळीत सगळ्यांना या दोघी मावसबहिणी म्हणून माहीत होत्या. राहायला आल्या त्या दिवशी सुलक्षणानेच तसं सांगून टाकलं होतं, आणि मग कुणी काही विचारलं नव्हतं.

शकूने वहीतलं पेन उचललं. फॉर्म गुडघ्यावर सपाट केला आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, मावसबहीण. वर्कशॉपच्या रजिस्टरात लिहायची तसं, सुटं सुटं.

"दादाकडून नाव कमी केल्याचा दाखला मी आणते," ती म्हणाली. "काय विचारायचं ते विचारू दे."

सुलक्षणा त्या शब्दाकडे बघत राहिली. "हे खरं नाहीये."

"ठाऊक आहे. साखर तर येईल."

चहा निवत होता. शकूने सहावं पान उघडून वही सुलक्षणापुढे सारली आणि पेन तिच्या हातात दिलं.

"आता हिचे केस काप."

"शकू, अगं पानभर आहेत ते."

"इथे मी बहीण झाले ना? तिथे तरी मला राहू दे. मानेपर्यंत काप. तेवढेही हळूच पडतील."