अखंड सळ्या

ट्रकनं मागं येता येता इमारतीच्या पुढच्या बाजूचा मधला खांब उडवला आणि त्या बाजूचे चारही मजले नुसत्या तुळईवर लटकून राहिले.

इंजिनीअरबाई पोचल्या तेव्हा भरदुपारी सगळे रहिवासी रस्त्यावर होते. तिसऱ्या मजल्यावर तेवढे दोघं उरले होते: अंथरुणाला खिळलेले एक आजोबा आणि त्यांची सून. ती खिडकीतून ओरडत होती, "बाबांना टाकून मी येणार नाही!"

"आत माणसं पाठवू का?" अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यानं विचारलं. "तुम्ही हो म्हणालात तरच."

बाईंनी तुळईवर पडलेल्या चिरेकडे पाहिलं. इमारत आखताना त्यांनी संगणकावर एकेक खांब काढून पाहिला होता. एक गेला तर भार शेजारच्यांनी उचलायचा. त्यासाठी तुळईतल्या खालच्या सळ्या खांबातून अखंड पलीकडे न्यायच्या. कागदावर इमारत पडली नव्हती. पण इथं काँक्रीट ओतलं त्या आठवड्यात बाई तापानं फणफणल्या होत्या. सळ्या डोळ्यांनी बघायच्या राहूनच गेल्या.

इमारत बांधणारा ठेकेदारही धावत आला होता; बाई त्याच्याकडे वळल्या. याच सळ्यांवरून त्यानं त्यांच्याशी उभं भांडण केलं होतं.

"खरं सांगा. अखंड नेल्या होत्या?"

"बाई, तुम्हाला शिव्या घातल्या, पण सळ्याही घातल्या."

वरून प्लास्टरचा पोपडा पडला. गर्दी मागं सरकली. बाईंनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. "जा. पण दोघंच."

"दोघांतला एक मी," म्हणत ठेकेदार जिन्यात शिरलासुद्धा.

पुढची सात मिनिटं बाईंचा पाय एका जागी ठरेना. दोन पावलं पुढं, दोन मागं, नजर तुळईवरच्या चिरेवर. चीर बोटभर वाढली. मग थांबली. मग पुन्हा वाढल्यासारखी वाटली.

शेवटी खुर्चीत बसवलेले आजोबा बाहेर आले. मागोमाग औषधांची पिशवी छातीशी धरून सून.

"जरा हळू रे," आजोबा कुरकुरले, "पाडाल मला!"

ठेकेदार घामाघूम होऊन फूटपाथवर टेकला. बाई जवळ गेल्या, तरी त्यानं मान वर केली नाही.

"बाई, सळ्या बांधल्या त्या दिवशी मीही साइटवर नव्हतो. मुकादमाच्या भरवशावर बोललो."

बाई वरच बघत होत्या. तुळई वाकली होती, तुटली नव्हती.

"नाव काय त्या मुकादमाचं?"

ठेकेदारानं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"चार महिने होता हाताखाली," तो म्हणाला, "नाव कधी विचारलंच नाही."