पाठमोऱ्या बायका

“आजोबा, तुम्हाला तोंडं काढता येत नाहीत का?”

पैज मैत्रिणींची होती. विचारलंस तर आठवडाभर तुझ्या वाटचं पाणी आम्ही भरू. आता त्या कुंपणाआड तोंड दाबून खिदळत होत्या, आणि उझोआमाका एकटी आजोबांसमोर उभी होती. चित्रकार इलोएजे आजोबा एकच शिष्य घेणार होते. आई तीनदा मानाच्या कोलाच्या बिया घेऊन त्यांच्या दारात येऊन गेली होती. उत्तर आज मिळायचं होतं.

चाळीस वर्षं अगुलू गावात त्यांच्या चित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हल्ली अंगणात लागोस शहरातून आलेल्या गाड्या उभ्या राहत. पाठमोऱ्या बायका, उघड्या पाठींवर वळणं घेत जाणाऱ्या काळ्या रेषा. त्या रेषांसाठी माणसं समुद्रापलीकडूनही येत.

आजही लागोसचे एक गृहस्थ आले होते. आजोबांच्या आधी तेच घाईने म्हणाले, “पोरी, पाठ फिरवलेला देश आहे तो.”

“असेल बुवा,” आजोबा म्हणाले. “मी आपलं उतरवून घेतो.”

गृहस्थांनी वहीत लिहिलं : अत्यंत नम्र.

आजोबांच्या बायकोने, ओलान्मा आजींनी, पाहुणचाराची छोटी कच्ची वांगी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. त्यांची बोटं काळीनिळी होती. गृहस्थांनी वांगं रुमालाने पुसून घेतलं.

“घाण नाही ती,” आजी म्हणाल्या. “फळाचा रस आहे. आठ दिवसांत जातो.”

गाडी गेल्यावर आजोबा उझोआमाकाकडे वळले. “तोंडं येतात गं मला. पण पाठीवर नक्षी काढून घ्यायला नवरी इथे बसायची ती पाठ करून. रस लावताना पाण्यासारखा, काही म्हणता काही दिसत नाही. रात्रीतून काळा होतो. आठवड्याने पाठ कोरी. तेवढ्यात मला आटपायला लागायचं. तोंडाकडे बघायला सवड कुणाला?”

उझोआमाका त्यांच्या हातांकडे बघत राहिली. लाल माती, पिवळा रंग. आजींच्या बोटांवरच्यासारखा काळा डाग एकही नव्हता.

“हे तुम्ही पाहुण्यांना का नाही सांगत?”

“दर वेळी सांगतो. ते वहीत लिहून घेतात.” आजोबा हसले. “जीभ तिखट आहे तुझी. सोमवारपासून ये. घेतलं तुला.”

घरी आईबाबा उंबऱ्यातच उभे होते.

“घेतलं?” बाबांनी विचारलं.

“घेतलं.”

आईने तिथेच फेर धरला. बाबांनी टोपी चढवली; आता अर्ध्या बाजाराला कळणार होतं.

“थांबा बाबा. मी आजोबांकडे नाही जाणार,” उझोआमाका म्हणाली. “ते नुसतं उतरवून घेतात. पाठीवरच्या रेषा काढतात ओलान्मा आजी. मी त्यांच्याकडे बसणार आहे, आणि आई, पहिली पाठ तुझी.”