चुकलेलं विमान

दार उघडलं तर समोर केतकी, मोठ्या बॅगेसकट. जर्मनीला शिकायला निघालेल्या लेकीला शशिकांतरावांनी कालच निरोप दिला होता.

“घाटात टँकर उलटला, बाबा. गाडी अडकली आणि विमान गेलं. आता परवाचं तिकीट मिळालंय. आणि तुम्ही चक्क हसताय?”

“छे गं!” त्यांनी बॅग आत ओढली. सकाळी एकट्यापुरता केलेला चहा त्यांना प्यावासाच वाटला नव्हता. तो ओतून त्यांनी दोघांसाठी ताजा ठेवला.

दोन दिवस घरात पुन्हा बोलणं होतं. निघायच्या वेळी मात्र केतकी बूट न घालताच बसून राहिली. “मी विद्यापीठाला विचारलंय. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो. आई नाही, तुम्ही इथे एकटे कसे राहाल?”

‘राहा’ म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि दह्याची वाटी घेऊन आले. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं काम या घरात तिच्या आईचं होतं.

“हात पुढे कर,” चमचा सावरत ते म्हणाले. “आणि या वेळी लवकर नीघ. घाटाचा भरवसा नाही.”