शेपटीची पैज

म्हाताऱ्या मेंढपाळाने आजवर कोकरांच्या इतक्या शेपट्या उतरवल्या होत्या, की एकीपुढे एक मांडल्या तर गावाला दोन वेढे बसले असते. सून जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली, "मामंजी, रबरी कडं चढवून शेपटी गाळायची, कोकरू तळमळतं. कशाला?"

"शेपटी ठेवली की मागे घाण चिकटते, माश्या बसतात, अळ्या पडतात. पुस्तकात हे नव्हतं वाटतं?"

पैज लागली. निम्म्या कोकरांच्या शेपट्या उतरवायच्या, निम्म्यांच्या ठेवायच्या. ज्याची कोकरं मागून स्वच्छ राहतील, त्याचा शब्द पुढच्या वेताच्या कोकरांना चालायचा.

सहा महिने झाले, दोन्हीकडची ढुंगणं आरशासारखी लख्ख. निकाल काही लागेना. मग सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि पंधरवड्यात दोन्हीकडे अळ्या पडल्या.

म्हाताऱ्याने बायकोला फोन लावला. "अगं, हे असं कसं झालं?"

"कसं म्हणजे? रोज सकाळी दहा-दहा धरून मागची घाणेरडी लोकर कापायची असते. तुम्ही कापली नाही?"

चाळीस वर्षं मेंढ्या पाळलेला म्हातारा सुनेकडे पाठ करून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कात्री कुठे असते?"