आधी चेहरा

सरांना नाही म्हणायचं काम शेवटी बाईंच्याच गळ्यात पडलं. विभागप्रमुखांनी सरळ हात वर केले. तुमचे गुरू आहेत, तुम्हीच सांगा, निवृत्त माणसाला विच्छेदनगृहात येता येणार नाही, नियम म्हणजे नियम. एवढं बोलून ते मीटिंगला निघून गेले.

बाई सरांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. आता विच्छेदनगृह त्यांच्या ताब्यात होतं. सर दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे की पेपरवाले हरलेल्या मॅचचं करतात, समीक्षक कादंबरीचं करतात आणि आपण माणसाचं करतो. शब्द एकच, विच्छेदन. पण कापायला कसायालाही येतं. आपण एकेक थर सोडवायचा, न फाडता, न घाई करता. बाईही आता हेच सांगत, अगदी सरांच्या ढंगात, चष्मा कपाळावर चढवून. मुलं त्यांची नक्कल करत, आणि ती बाईंना आवडे.

सरांची एक पद्धत होती. नवीन मृतदेह आला की आधी सर एकटे आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. तोवर कुणी हात लावायचा नाही, शिपायानेसुद्धा नाही. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या वाटेला जायची सोय नसे. मग थोड्या वेळाने बाहेर यायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि जीव भांड्यात पडल्यासारखे सगळ्यांना चहा पाजायचे. वर विनोद सांगायचे, तेही जुनेच.

मुलं पाठीमागे खिदळायची. म्हातारा बॉडी बघून खूश होतो म्हणायची. त्यात सरांनी मोठ्या कॉलेजातली प्रमुखाची खुर्ची या खोलीपायी नाकारलेली, त्यामुळे सहकारीही डोक्यावर परिणाम झालाय म्हणत. बाईंना या सगळ्यांचा मनापासून राग यायचा. एकदा त्यांनी धीर करून सरांना विचारलं होतं, दार लावून आत काय करता म्हणून.

"चेहरा बघतो," सर म्हणाले होते. "कापायच्या आधी माणूस बघावा."

ते वाक्य बाईंनी मनावर कोरून ठेवलं होतं. आणि आता त्याच माणसाला दारातून परत पाठवायचं म्हणजे अगदी जिवावर आलं होतं.

कॅन्टीनमध्ये बसून त्यांनी कसंबसं सांगितलं. सरांनी वाद घातला नाही. कपातली साखर ढवळत राहिले, विरघळून गेली तरी ढवळत राहिले. मग म्हणाले की देहदानाचे राहू देत, त्यांना घरचे पोचवायला येतात.

"बेवारस कुणी आला तर तेवढा मला फोन कर. मागच्या दाराने येईन, उभ्या उभ्या बघेन आणि जाईन."

बाईंना गलबलून आलं. ज्यांचं कुणी नाही त्यांचे सर! पण प्रमुखांना शब्द दिलेला, आणि बाई शब्दाच्या पक्क्या.

"सर, मी बघेन ना तुमच्याऐवजी. अगदी तुम्ही करायचात तसं."

"तुला नाही जमायचं गं."

आवाजात राग नव्हता, पण बाईंना ते फार लागलं. इतकी वर्षं पावलावर पाऊल टाकून चाललो, आणि सरांना आपल्यावर एवढाही भरवसा नाही? दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

त्यानंतर पावसाळा गेला, आणि एका सकाळी पोलिसांकडून एक मृतदेह आला. बसस्टँडवर सापडलेला, वय तिशीचं, चौकशीला कुणी आलं नव्हतं. बाईंनी फोन हातात घेतला. सरांचा नंबर काढलासुद्धा. मग 'तुला नाही जमायचं' आठवलं आणि फोन पर्समध्ये गेला.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावलं. तोंडावरचं कापड बाजूला करताच त्यांचं मन भरून आलं; मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून त्या उभ्या राहिल्या. तुझं कुणी नसलं तरी आम्ही आहोत, असं मनातल्या मनात म्हणाल्या. पुष्कळ वेळ गेला. मग चाचपडतच कापड पुन्हा सारखं केलं, बाहेर आल्या, तोंड धुतलं आणि सगळ्यांना चहा मागवला. इतकं हलकं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. आजवर कधी गेल्या नव्हत्या. सर कुणाला घरी बोलावतच नसत. पण हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. जमलं, सर, मला जमलं, एवढंच म्हणायचं होतं.

दार सरांच्या पत्नीने उघडलं. सर औषधं आणायला गेले होते. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, उशिरा आल्याबद्दल माफी मागितली, आणि राहवेना म्हणून दारातच सगळं सांगून टाकलं. आज एक बेवारस आला, सरांना त्रास नको म्हणून बोलावलं नाही, पण सगळं त्यांच्याच पद्धतीने केलं.

सरांच्या पत्नी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पुरुष?"

"हो. तरुण होता."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बाईंना बसवलं. स्वतः मात्र चौकट धरून उभ्याच राहिल्या.

"यांना फोन केला नाहीत, असू दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचा मुलगा घरातून गेला तेव्हा त्याच्या हनुवटीवर टाक्यांचा व्रण होता. तुम्ही चेहरा पाहिलात ना, होता का हो व्रण?"